खिडकीला जाळी आहे, तरी डास येतात कसे?



मागच्या वर्षी गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा माझ्या सहावीच्या वर्गातले पाच-सहा बाक रिकामे होते. कुणाला ताप, कुणाला सर्दी, आणि एका मुलाला डेंग्यू. तीन आठवड्यांनी तो मुलगा आईचा हात धरून शाळेत आला. चेहरा उतरलेला, दप्तर आईच्या खांद्यावर. आई म्हणाली, "बाई, आमच्या घरी सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत हो. तरी कसा झाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. डोंबिवलीतलं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. जाळ्या होत्या, पण मुलाच्या खोलीतली जाळी धुळीने इतकी माखली होती की वारा येईना, म्हणून दिवसा ती बाजूला सारून ठेवलेली. आणि खिडकीच्या आत, काचेच्या बाटलीत, हिरवागार मनीप्लांट. बाटली उजेडात धरली तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. घरातले सगळे थक्क झाले.

त्या दिवसापासून डास, घर आणि जाळी हा माझ्यासाठी एक पाठच झाला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात आपण खाडी, तलाव, नाले आणि बांधकामं यांच्या मधोमध राहतो. म्हणून हा पाठ मुलांना शिकवण्याआधी आपण मोठ्यांनी नीट समजून घेऊया.

१. आधी डासांचं वेळापत्रक

आपल्याकडे आजी सांगायची, "दिवेलागण झाली, खिडक्या लावा." हा नियम चांगलाच आहे. पण तो सगळ्या डासांना लागू पडत नाही. आपल्या भागात तीन प्रकारचे डास मुख्यतः त्रास देतात :

• क्युलेक्स – गटार, नाले, सांडपाणी अशा घाण पाण्यात वाढतो. रात्री चावतो. हत्तीरोग पसरवतो. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे डास बहुतेक वेळा हेच असतात.

• ॲनॉफिलीस – हिवताप म्हणजे मलेरिया पसरवतो. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यातली शहरात आढळणारी जात गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेलं पाणी यांत वाढते.

• एडिस – डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो. पायांवर पांढरे पट्टे. घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आणि हा चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी.

आता आपली सवय पाहा. सकाळी उठल्याबरोबर "जरा हवा येऊ दे" म्हणून खिडकी आणि जाळी दोन्ही उघडतो, आणि सातला सगळं बंद करतो. म्हणजे रात्रीच्या डासाला दार बंद, पण डेंग्यूच्या डासाला दिवसभर खुलं! म्हणून पहिला नियम असा : काच उघडी राहिली तरी चालेल, जाळी मात्र दिवसासुद्धा जागेवर हवी.

२. जाळीची कल्पना किती जुनी?

'मलेरिया' हा शब्द 'वाईट हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला आहे. दलदलीवरच्या दूषित हवेमुळे हा ताप येतो, असं लोक शतकानुशतकं मानत होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. म्हणूनच २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पण लोकांना पटायला हवं ना, की दोष हवेचा नसून डासाचा आहे! त्यासाठी १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने एक साधा प्रयोग झाला. रोमजवळच्या ओस्तिया परिसरात मलेरिया जोरात होता. तिथे लुई सॅम्बन आणि जॉर्ज कारमायकेल लो हे दोन डॉक्टर एका लाकडी झोपडीत राहिले. दारं-खिडक्यांना बारीक तारेची जाळी. दिवसा ते बाहेर फिरत; सूर्य मावळायच्या आत झोपडीत येत आणि सकाळीच बाहेर पडत. क्विनिन घेतलं नाही. मलेरियाच्या ऐन हंगामातले साधारण तीन महिने असे काढूनही दोघांना ताप आला नाही. हवा तीच, पाणी तेच. फरक फक्त जाळीचा.

आपल्या शेजारच्या मुंबईतही चार्ल्स बेंटली यांनी १९११ सालच्या अहवालात शहरातल्या मलेरियाचा संबंध विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांशी जोडून दाखवला होता. म्हणजे जाळी आणि साठलेलं पाणी, या दोन्ही गोष्टी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. आपण मात्र पहिली विकत आणतो आणि दुसरी विसरतो.

३. जाळीचं छोटं गणित

दुकानात "१८ बाय १६ ची जाळी" असं म्हणतात. याचा अर्थ एक इंच लांबीत एका दिशेला १८ आणि दुसऱ्या दिशेला १६ भोकं. म्हणजे एका चौरस इंचात १८ × १६ = २८८ भोकं. धागा साधारण ०.२८ मिलिमीटर जाड धरला, तर प्रत्येक भोक सुमारे १.१ बाय १.३ मिलिमीटरचं उरतं. त्यातून डास शिरत नाही. अगदी बारीक चिलटं मात्र येऊ शकतात.

हिशेब केला तर अशा स्वच्छ जाळीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मोकळा असतो. एक-तृतीयांश जागा धाग्यानेच व्यापलेली. म्हणजे नव्या जाळीनेसुद्धा वारा थोडा कमी होतोच. त्यावर रस्त्याची धूळ, शेजारच्या टॉवरच्या बांधकामाची माती, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ बसली की भोकं बुजत जातात. मग खोलीत कोंदट वाटतं, घाम येतो, आणि आपण काय करतो? जाळी बाजूला सारतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरी नेमकं हेच झालं होतं. आणि म्हणूनच या लेखाचं मुख्य सांगणं एवढंच आहे : जी जाळी काढता येत नाही ती धुतली जात नाही, जी धुतली जात नाही ती वारा अडवते, आणि वारा अडवणारी जाळी घरातले लोक स्वतःच उघडून ठेवतात. जाळी काढता येणं ही चैन नाही. ती जाळी वर्षभर उपयोगी पडेल की नाही, हे त्यावरच ठरतं.

४. कोणत्या जागी कोणती जाळी?

वेल्क्रोची जाळी : सगळ्यात स्वस्त आणि घरच्या घरी लावता येणारी. खिडकीच्या चौकटीवर खरखरीत पट्टी चिकटवतात, जाळीच्या कडेला मऊ पट्टी शिवतात. भाड्याच्या घरात आणि जुन्या लाकडी खिडक्यांना ही बरी पडते. मुलांना एक गंमत सांगा : वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या अंगाला आणि कपड्यांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. गवतातून चालून आल्यावर आपल्या पायमोज्यांना कुसळं चिकटतात ना, तसंच काहीसं!

स्लायडिंग जाळी : नव्या इमारतींतल्या ॲल्युमिनियमच्या तीन ट्रॅकच्या खिडक्यांमध्ये तिसरा ट्रॅक जाळीचा असतो. ही फ्रेम वर उचलून खालून बाहेर काढता येते. पण एक मेख आहे. काच अर्धवट उघडी ठेवली तर काच आणि जाळी यांच्या मधल्या फटीतून डास आरामात आत येतो. म्हणून काच पूर्ण सरकवा आणि जाळीची उभी पट्टी काचेच्या पट्टीवर बरोबर आली आहे का ते पाहा. कडेचा ब्रश झिजला असेल तर फॅब्रिकेटरकडून बदलून घ्या. ट्रॅकला खाली पाणी जायला भोकं असतात, ती चिकटपट्टीने बुजवू नका. पावसात पाणी खोलीत येईल.

चुंबकाचा पडदा : दारासाठी. जुन्या डोंबिवलीत, कल्याणच्या वाड्या-चाळींत दिवसा दार उघडं ठेवायची पद्धत आहे, आणि ती चांगलीही आहे. अशा दाराला मधोमध चुंबकांनी मिटणारी जाळी लावली की माणूस आरपार जातो आणि जाळी मागे आपोआप मिटते. मात्र ती उंबऱ्याला टेकली पाहिजे आणि लोळताही कामा नये. घरात काठी घेऊन चालणारे आजी-आजोबा असतील तर जमिनीवर लोळणारी जाळी पायात अडकते.

चुलीजवळची खिडकी : नायलॉनची जाळी उष्णतेने वितळते. गॅसच्या शेगडीजवळ स्टीलच्या तारेची जाळी घ्यावी.

बाथरूम : काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक, या दोन जागा जवळजवळ प्रत्येक घरात राहून जातात. बाकी घराला हजारो रुपयांच्या जाळ्या आणि डास बाथरूममधून येतात! तिथे आतल्या बाजूने वेल्क्रोची छोटी जाळी लावावी.

आणि कबुतरांसाठी बाल्कनीला लावलेली मोठ्या भोकांची जाळी डासांच्या काहीही कामाची नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी पालकसभेत हा प्रश्न येतोच.

५. माप कसं घ्यावं?

समजा, खिडकीचा मोकळा भाग १२० सेंमी × ९० सेंमी आहे आणि वेल्क्रोची पट्टी २.५ सेंमी रुंद आहे. पट्टी चौकटीवर, मोकळ्या भागाच्या बाहेर चारही बाजूंनी लागणार. म्हणून जाळी १२० × ९० ची नाही, तर १२५ × ९५ सेंमीची हवी. अनेकांची जाळी इथेच आखूड पडते.

• जाळीचं क्षेत्रफळ : १२५ × ९५ = ११,८७५ चौ. सेंमी. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौ. सेंमी. म्हणजे जवळपास १२.८ चौरस फूट. दुकानदार दर चौरस फुटाचा सांगतो, म्हणून हे रूपांतर यायला हवं.

• पट्टीची लांबी : १२५ सेंमीचे दोन आणि ९० सेंमीचे दोन तुकडे, एकूण ४३० सेंमी. मऊ आणि खरखरीत, दोन्ही तेवढीच लागणार.

क्षेत्रफळ जाळीसाठी, परिमिती पट्टीसाठी. पुस्तकात हे दोन धडे शेजारी-शेजारी असतात आणि मुलं परीक्षेत नेमकी अदलाबदल करतात. घरची एक खिडकी मोजली की सहसा गोंधळ होत नाही.

मोजताना वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्या. जुन्या इमारतीत चौकट क्वचितच सरळ असते. आणि पट्टी चिकटवायची ती मे महिन्यात, चौकट पुसून पूर्ण कोरडी करून. पावसाळा सुरू झाल्यावर ओलसर चौकटीवर लावलेली पट्टी चार दिवसांत सुटते.

६. धुण्याची पद्धत

साधारण महिन्यातून एकदा, रस्त्याकडेच्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडक्यांच्या जाळ्या त्याहून थोड्या लवकर. सकाळी काढा, धूळ झटका, कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकून अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. पिळू नका, फायबरग्लासच्या जाळीला घडी पडली की धागे तुटतात. सावलीत वाळवा आणि दुपारच्या आत परत लावा. सगळ्या जाळ्या एकाच दिवशी काढू नका. एक खोली झाली की दुसरी.

आमच्या घरी प्रत्येक जाळीच्या कोपऱ्यावर मार्करने खूण केली आहे : 'हॉल १', 'हॉल २', 'बेडरूम'. हे काम मुलांकडे दिलं तर ती आनंदाने करतात. लावताना भोक पडलेलं दिसलं तर जाळीचाच तुकडा वरून शिवा. आपल्या १२० × ९० च्या खिडकीवर सुमारे ४ लाख ८२ हजार छोटी भोकं असतात, त्यांतून डास येत नाही. पण कोपऱ्यातलं एक बोटाएवढं भोक त्याला पुरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : जाळी आतून काढता आली पाहिजे. चौदाव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून जाळी काढायची असेल, तर ती जाळी नकोच. माप देतानाच कारागिराला हे स्पष्ट सांगा.

७. जाळी काय करत नाही?

ती मुलाला पडण्यापासून वाचवत नाही. वेल्क्रोची जाळी लहान मुलाच्या भारानेसुद्धा सुटते. जाळी दिसली की आपल्याला उगाच सुरक्षित वाटतं आणि खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची ठेवली जाते. उंच मजल्यावर ग्रिल वेगळी हवी आणि जाळी वेगळी. ग्रिललासुद्धा आतून उघडणारा भाग असावा, म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडता येईल.

ती झुरळांना थांबवत नाही. झुरळं मोरीच्या आणि बेसिनच्या तोंडातून येतात. तिथे जाळीदार झाकण हवं. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखवाली वाळवी मात्र जाळीने छान अडते.

आणि ती घरात जन्मलेल्या डासाला बाहेर काढत नाही. उलट, त्याला आतच कोंडून ठेवते! मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, न वापरलेल्या बाथरूममधली बादली, देवघरातला पाणी न बदललेला कलश. एडिसला एवढं पाणी पुरतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा : सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, वाळवायची. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

घरात कुणाला डेंग्यूचा ताप असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला आजार देतो. आणि ताप अंगावर काढू नका, मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका, डॉक्टरांकडे जा.

८. वर्गासाठी उपक्रम (इयत्ता पाचवी ते आठवी)

• घराचा नकाशा काढा. डास शिरू शकतील अशा सगळ्या जागांवर लाल ठिपका द्या. बाथरूम विसरू नका.

• पारदर्शक बरणीत साठलेल्या पाण्यातल्या अळ्या ठेवा, तोंडाला जाळी घट्ट बांधा. रोज निरीक्षण लिहा : अळी, कोष, डास. बरणी शिक्षकांच्याच ताब्यात राहील. डास तयार होताच, जाळी न सोडता, बरणी साबणाच्या पाण्याने भरून टाका.

• धुण्याआधी आणि धुतल्यावर तीच जाळी उजेडासमोर धरा. भिंगातून भोकं पाहा. फरक दोन वाक्यांत लिहा.

• जूनमध्ये 'हिवताप प्रतिरोध महिना' असतो. त्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याने रविवारी आपल्या घरी 'कोरडा दिवस' तपासायचा आणि सोमवारी वहीवर पालकांची सही आणायची.

समारोप

तो मुलगा आता सातवीत आहे. दर रविवारी त्याच्या घरी तो स्वतः बाटल्या रिकाम्या करतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आईबरोबर जाळ्या काढतो. मनीप्लांट अजूनही आहे, पण आता मातीत लावलेला. मागच्या आठवड्यात त्याने मला विचारलं, "बाई, शाळेच्या खिडक्यांना जाळ्या का नाहीत?"

मी वर्गाकडे पाहिलं. आमच्या शाळेची वेळ सकाळी सात ते साडेबारा. म्हणजे दिवसा चावणाऱ्या डासाच्या वेळेतला मोठा भाग मुलं आमच्याकडेच असतात. घरच्या जाळ्यांबद्दल मी एवढं बोलते, पण वर्गाच्या खिडक्या मी कधी मोजल्याच नव्हत्या. पुढच्या पालकसभेत हा विषय मांडणार आहे. मापं मुलांनीच घेतली आहेत : सहा खिडक्या, दोन दारं.

तुमच्या वर्गाला किती आहेत? मोजून पाहा.

स्वाध्याय

१. डेंग्यूचा डास आणि मलेरियाचा डास यांच्या चावण्याच्या वेळा सांगा. घरातली जाळी किती वेळ बंद ठेवायला हवी?

२. १०० सेंमी × ८० सेंमीच्या खिडकीसाठी २.५ सेंमी रुंदीची वेल्क्रो पट्टी लावायची आहे. जाळीचं माप आणि पट्टीची लांबी काढा.

३. "काढता न येणारी जाळी हळूहळू निरुपयोगी होते." कारणे द्या.

४. आपल्या घरातली साठलेल्या पाण्याची पाच ठिकाणं शोधा आणि आजच रिकामी करा.